खेतवाडीचा हिशेबनीस आणि गाढवाची गोष्ट

चार्टर्ड अकाउंटंट हा प्राणी लोकांना वर्षातून एकदाच आठवतो, तोही रिटर्न भरायच्या शेवटच्या आठवड्यात. कलेच्या इतिहासात त्याला शोधायला कुणी जात नाही. त्यामुळे भूपेन खख्खर हे नाव पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा त्यांच्या चित्रांच्या आधी मी त्यांच्या डिग्रीकडे पाहिलं. माणूस मुंबईचा, खेतवाडीतला. बी.कॉम., मग सी.ए. पुढे बडोद्याला एका कारखान्याचे हिशेब लिहायचे आणि उरलेला वेळ चित्रं काढायची, असं त्यांनी बरीच वर्षं केलं. मी गिरगावातला, माझीही जन्मभराची भाकरी व्हाउचरांवर हिरव्या शाईची टिक मारून मिळालेली. तेव्हा या माणसाबद्दल मला जरा जास्तच जिव्हाळा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

ज्या चित्राबद्दल लिहायचंय ते आज लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाकडे आहे. १९९६ साली टेटने ते विकत घेतलं. नाव 'यू कान्ट प्लीज ऑल', साल १९८१, कॅनव्हासवर तैलरंग. लांबी-रुंदी सारखीच, १७५.६ सेंटिमीटर, म्हणजे पावणेसहा फूट. लेकीकडे लंडनला गेलो असताना टेट मॉडर्नमध्ये खख्खरांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं, २०१६ साली. तिथे ते पाहिलं. पुस्तकातल्या छोट्या छापील चित्रावरून एक गोष्ट कधीच लक्षात आली नव्हती, ती तिथे समोर उभं राहिल्यावर आली. त्यातला माणूस जवळजवळ आपल्याच उंचीचा आहे. आपण त्याच्या मागे, त्याच्याच बाल्कनीत उभे असल्यासारखे होतो.

हा माणूस पूर्ण नागडा आहे. पाठ आपल्याकडे. केस पिकलेले, अंग मऊ पडलेलं, चाळिशी उलटलेल्या कुणाही बैठं काम करणाऱ्याचं असतं तसं. व्यायामशाळेतला गडी नव्हे आणि ग्रीक पुतळा तर नव्हेच. हे स्वतः खख्खरच आहेत. ते खाली बघताहेत. खाली गाव आहे, लहानलहान घरं आहेत, त्यांत आपापल्या कामात असलेली माणसं आहेत, सांजवेळेचा निळा-हिरवा उजेड आहे. आणि त्या गावातून चालले आहेत बाप, मुलगा आणि गाढव.

गोष्ट आपण सगळ्यांनी इसापनीतीत वाचलीय. गाढव रिकामं चालतंय म्हणून लोक हसले, म्हणून मुलगा बसला. म्हातारा पायी आणि पोर वर, म्हणून लोक बोलले, तेव्हा बाप बसला. मग पोराची कीव आली, म्हणून दोघं बसले. मग गाढवाची कीव आली. शेवटी दोघांनी गाढवालाच खांद्यावर घेतलं आणि त्या खटाटोपात ते मेलं. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असं गुरुजींनी फळ्यावर लिहून दिलं, आपण वहीत उतरवून घेतलं आणि जन्मभर जनाचंच करत राहिलो.

खख्खरांनी ही सगळी गोष्ट एकाच चित्रात घातली. बाप-मुलगा-गाढव एकदाच दिसत नाहीत, पुन्हा पुन्हा दिसतात, प्रसंगाप्रसंगाने. ही युक्ती आपल्याला नवी नाही. अजिंठ्याच्या भिंतींवर जातककथा अशाच रंगवल्या आहेत. एकाच भिंतीवर तोच राजा इथे महालात बसलाय, तिथे हत्तीवरून निघालाय. मधे चौकट नाही, 'थोड्या वेळाने' असं लिहिलेलं नाही, बघणाऱ्यानेच डोळ्यांनी चालायचं. राजस्थानी आणि मोगल लघुचित्रांतही हे आहे. खख्खरांनी ते दोन्हीकडून उचललं, इथून आणि इटलीतून. १९७६ साली परदेशात फिरताना ते इटलीत जाऊन आले. तिथल्या सिएना शहराच्या जुन्या चित्रकारांवर त्यांचा फार जीव जडला. सिएनाच्या नगरसभेच्या भिंतीवर अँब्रोजो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ च्या सुमाराला एक अख्खं शहर रंगवलंय. दुकानं, शाळा, छपरांवर काम करणारे गवंडी, वेशीबाहेरची शेतं, आणि प्रत्येक जण आपापल्या उद्योगात. तो सगळा पसारा खख्खरांच्या बाल्कनीखालच्या गावात उतरलेला दिसतो. फक्त लोरेन्झेत्तीचं शहर नगरसभेतल्या मंडळींनी बघायचं होतं आणि या गावाकडे एक उघडा माणूस बघतोय.

या चित्राला सगळेजण खख्खरांनी आपलं समलिंगी असणं जाहीर केलं ते चित्र म्हणतात. खोटं नाही. पण जाहीर करणारा माणूस लोकांकडे तोंड करून उभा राहतो. हा तर पाठ करून उभाय. गावातल्या एकाही माणसाने मान वर केली तर सगळं दिसेल, आणि एकही जण मान वर करत नाही. सगळे गाढवाच्या भानगडीत गुंतलेत. आम्हा हिशेबवाल्यांकडे सस्पेन्स खातं नावाची एक सोय असते. ज्या रकमेचं काय करायचं ते ठरत नाही, ती तात्पुरती तिथे टाकून ठेवायची आणि ताळेबंद जुळवायचा. सत्तेचाळीस वर्षांच्या या माणसाची एक रक्कम तशीच पडून होती. या चित्रात त्याने ती योग्य खात्यात नेली, पण डांगोरा न पिटता. मला या चित्रात शौर्य जेवढं दिसतं तेवढीच धास्तीही दिसते, आणि धास्ती आहे म्हणूनच ते मला खरं वाटतं.

आता जरा मागे जाऊ.

खख्खरांचा जन्म १० मार्च १९३४ चा. मूळ घराणं दीवकडचं, कारागिरांचं. चार भावंडांत हे शेंडेफळ. वडील लहानपणीच गेले. अशा घरात धाकट्याने काय व्हायचं हे तो ठरवत नाही, घर ठरवतं. घराने सी.ए. ठरवलं आणि त्याने ते पुरं केलं. संध्याकाळी जे.जे.मध्ये चित्रकलेचे वर्ग. खेतवाडी ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको, तिथल्या गल्ल्यांत देवांच्या तसबिरी, कॅलेंडरं, सिनेमाची पोस्टरं, दुकानांच्या हाताने रंगवलेल्या पाट्या यांचं किती दाट रान होतं. या पोराचे डोळे त्यातच तयार झाले. जे.जे.त जे शिकवत त्यात यातलं काहीच बसत नव्हतं.

१९५८ मध्ये त्यांची गाठ गुलाममोहम्मद शेख या तरुण चित्रकार-कवीशी पडली. शेखांनी बडोद्याला ये म्हणून लकडा लावला. १९६२ मध्ये खख्खर मुंबई सोडून गेले आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलासमीक्षेच्या अभ्यासक्रमाला बसले. बडोद्याची ती कलाशाळा १९५० साली निघाली होती आणि चित्रकला विभाग उभा केला तो आपल्या ना. श्री. बेंद्र्यांनी. तिथलं वातावरण मोकळं होतं. पण त्या काळात देशभर प्रतिष्ठा होती ती अमूर्त चित्राला. सूझा-हुसेन-रझा-आरा-गाडे-बाकरे या मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह मंडळींनी १९४७ पासून जी आधुनिकतेची वाट पाडली, ती पुढे बऱ्याच जणांच्या हातात रंगाचे पट्टे, पोत आणि आकार यांवर येऊन थांबली होती. चित्रात माणूस काढणं जुनाट, आणि कॅलेंडरातल्यासारखा माणूस काढणं म्हणजे अडाणीपणाच.

खख्खरांनी नेमकं तेच केलं. त्यांनी बाजारातल्या देवांच्या तसबिरी कापल्या, चिकटवल्या, वरून रंगवलं आणि १९६५ साली त्यांचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं. या तसबिरींची आजी म्हणजे राजा रविवर्म्याची छापील चित्रं, ज्यांचा छापखाना पुढे आपल्या लोणावळ्याजवळ मळवलीला होता. त्याच रविवर्म्याची मूळ तैलचित्रं बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात. मूळ राजवाड्यात आणि नक्कल पानवाल्याच्या भिंतीवर, अशी ती जोडी होती. खख्खरांनी पानवाल्याची भिंत निवडली. त्यांचा आवडता गुरू कोण, तर पॅरिसच्या जकातीच्या नाक्यावर नोकरी करून चित्रं काढणारा हेन्री रूसो. हिशेबनिसाने जकात कारकुनाला गुरू करावं हे मला मोठं गोड वाटतं.

सत्तरच्या दशकातली त्यांची चित्रं बघा: 'जनता वॉच रिपेअरिंग', 'डी-लक्स टेलर्स', 'बार्बर्स शॉप'. घड्याळजी, शिंपी, न्हावी. एकेकटे, आपल्या दुकानात बसलेले. रंग असे की कॅलेंडर छापणाऱ्याने ते स्वच्छ धुऊन काढलेत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक घड्याळजी असत. डाव्या डोळ्यात भिंग अडकवलेलं, हातात चिमटा, आणि उघडलेल्या घड्याळाचे सुटे भाग काचेच्या पालथ्या पेल्याखाली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून. सकाळी नऊ ते रात्री आठ. त्यांच्याशी कुणी बोलायचं ते फक्त 'कधी मिळेल?' एवढंच. मागच्या भिंतीवरच्या प्रत्येक घड्याळात वेगळी वेळ. भारतीय आधुनिक चित्रकलेत शेतकरी होता, मजूर होता, देव होते, बैल आणि घोडे भरपूर होते. हा घड्याळजी नव्हता. त्याला कॅनव्हासवर बसायला जागा दिली ती खख्खरांनी. त्याची टिंगल केली का? थोडी केली. त्याच्यावर माया केली का? बरीच केली. दोन्ही एकाच वेळी करणं अवघड असतं आणि त्यांना ते जमलं, कारण ते स्वतःही कारखान्याच्या टेबलावर असेच बसत होते. असिस्टंट अकाउंटंटाचंसुद्धा चित्र त्यांनी काढलंय. माझ्या माहितीत दुसऱ्या कुणी काढलेलं नाही.

गंमत करण्याची खोड मोठी. १९७२ च्या एका प्रदर्शनाच्या कॅटलॉगसाठी त्यांनी स्वतःचे फोटो काढून घेतले, कुठे जेम्स बाँड, कुठे मिस्टर युनिव्हर्स. गंभीर चेहऱ्याने कपाळाला हात लावून बसलेल्या कलावंताच्या फोटोंचा तो काळ, हे ध्यानात घ्या. गुजरातीत कथा लिहिल्या, नाटक लिहिलं. 'मगनभाईचा गोंद' या अर्थाच्या नावाची त्यांची एक कथा आहे. नावावरूनच माणसाची जात कळते.

मला जे म्हणायचंय ते इथे येतं. खख्खरांच्या धाडसाबद्दल सगळे लिहितात, त्यांच्या पगाराबद्दल कुणी लिहीत नाही. घरभाडं, डाळ-तांदूळ, कॅनव्हास आणि रंगाच्या ट्यूबा यांचा खर्च महिन्याच्या महिन्याला कारखान्यातून सुटत होता. त्यामुळे चित्र विकलं गेलं नाही तर नाही. मुंबईच्या श्रीमंत बैठकीत न्हाव्याच्या दुकानाचं चित्र कोण लावणार, हा प्रश्न त्यांना रात्री जागवत नव्हता. पूर्णवेळ चित्रकाराला गिऱ्हाईकाचं मन राखावं लागतं, गॅलरीचं राखावं लागतं, समीक्षकाचं राखावं लागतं, म्हणजे गाढव कधी खांद्यावर, कधी खाली. अर्धवेळ चित्रकाराला यातलं काही टाळता येतं. आमच्या ठाण्याच्या सुधीर पटवर्धनांचंही तसंच. त्यांनी तीस वर्षं क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून डॉक्टरकी केली आणि लोकलमधली, पुलावरची, इराण्याच्या हॉटेलातली माणसं रंगवली. १९८१ साली जहांगीरमध्ये आणि नंतर दिल्लीत 'प्लेस फॉर पीपल' हे प्रदर्शन भरलं. खख्खर, पटवर्धन, शेख, नलिनी मलानी, विवान सुंदरम, जोगेन चौधरी असे सहा जण त्यात होते, आणि कलासमीक्षक गीता कपूर यांनी त्यावर निबंध लिहिला. माणूस चित्रात परत आला, आणि तोही आपल्या गल्लीतला, हे त्या प्रदर्शनाने ठासून सांगितलं. सहांतले दोघे तरी दुसऱ्या व्यवसायातून पोट भरणारे होते हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. कुणी म्हणेल, अकाउंटंटला सगळीकडे पैसाच दिसतो. दिसतो.

'यू कान्ट प्लीज ऑल' याच १९८१ साली निर्माण झालं, पण ते एकदम झालेलं नाही. १९७९ मध्ये खख्खर इंग्लंडमध्ये राहिले, बाथच्या कला अकादमीत शिकवलं. चित्रकार हॉवर्ड हॉजकिन त्यांचे जिवलग मित्र. तिथे १९६७ पासून दोन प्रौढ पुरुषांचं खाजगी आयुष्य गुन्हा राहिलं नव्हतं. आपल्याकडे इंग्रजांनीच करून ठेवलेलं ३७७ कलम जागच्या जागी होतं. १९८० साली आई वारली. घरातलं ज्याच्यासाठी झाकायचं ते माणूसच उरलं नाही. अशा वेळी लोक काय म्हणतील, हा प्रश्न उरतो, पण त्याची धार जाते. बडोद्याला परतलेल्या या माणसाने मग ती बाल्कनी रंगवली.

त्यानंतर आडपडदा राहिला नाही. १९८२ चं 'टू मेन इन बनारस': एकमेकांना मिठीत घेतलेले दोन नग्न पुरुष, आणि भोवती काशीचे घाट, साधू, भाविक, रोजचं जग. पुन्हा तीच मांडणी, मोठी माणसं आणि छोटं गाव. १९८७ साली 'ययाती'. खांडेकरांमुळे आणि कर्नाडांमुळे ययाती आपल्या घरचाच. पण बापाने मुलाकडे तारुण्य मागणं या कथेत दोन पुरुषांमधली ओढ बघावी, हे आपल्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. तरुण सुंदर देहांची हौस त्यांना नव्हती. टक्कल पडलेले, दात गेलेले, धोतर नेसणारे म्हातारे त्यांनी प्रेमाने रंगवले. इतकी कोमल म्हातारी माणसं भारतीय चित्रकलेत मी तरी दुसरीकडे पाहिली नाहीत.

सरकारने १९८४ मध्ये पद्मश्री दिली. १९९२ मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात चित्रं लागली. सलमान रश्दींनी आपल्या 'द मूर्स लास्ट साय' या कादंबरीत त्यांच्यावरून एक पात्र घेतलं, अकाउंटंट चित्रकाराचं. खख्खरांनी परतफेड म्हणून रश्दींचं व्यक्तिचित्र काढलं, ते लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. शेवटची काही वर्षं कॅन्सरशी झुंजण्यात गेली. तेव्हाच्या चित्रांत शरीर फाटलेलं, रक्ताळलेलं, आतलं बाहेर आलेलं आहे. २००१ मधल्या एका चित्राचं नावच 'बुलेट शॉट इन द स्टमक'. ती चित्रं मला फार वेळ बघवत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल जास्त लिहीत नाही. ८ ऑगस्ट २००३ रोजी बडोद्यात ते गेले.

टेटच्या त्या प्रदर्शनाला याच चित्राचं नाव दिलं होतं, आणि ते अक्षरशः लागू पडलं. 'गार्डियन'चे समीक्षक जोनाथन जोन्स यांनी त्याची सालटी काढली. असली सामान्य चित्रं टेटमध्ये कशाला, असा एकूण सूर. त्यावर कादंबरीकार अमित चौधरींसकट अनेकांनी उत्तरं दिली. प्रदर्शन पाहून आल्यावर मी लेकीच्या घरी ते परीक्षण वाचलं तेव्हा खरं तर जोन्ससाहेबांचं थोडं पटलंही. खख्खरांचे हात-पाय पुष्कळदा बेंगरूळ असतात, चेहरे ठोकळेबाज असतात, मोठ्या कॅनव्हासचा एखादा कोपरा चक्क कंटाळून उरकलेला दिसतो. पण जे.जे.च्या संध्याकाळच्या वर्गात शिकलेल्या माणसाला नीट हात काढता येत नव्हता असं समजणं भाबडेपणाचं होईल. पाटी रंगवणारा पेंटर जसा हात काढतो तसा त्यांना हवा होता. सफाईदार हात काढला असता तर घड्याळजी त्यांच्या चित्रातून उठून गेला असता.

बाजाराचं म्हणाल, तर तो उशिरा का होईना, खूश झाला. हॉजकिन यांच्या संग्रहातलं 'डी-लक्स टेलर्स' २०१७ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात दहा लाख पौंडांच्या वर गेलं. २०१९ मध्ये 'टू मेन इन बनारस'ला पंचवीस लाखांहून जास्त पौंड आले. त्याच्या आदल्या वर्षी, ६ सप्टेंबर २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमाचे दात काढले होते. चित्रकाराला जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती.

ज्यांना लंडनला जाणं शक्य नाही त्यांच्यासाठी एक सांगतो. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे त्यांचं 'मॅन विथ अ बुके ऑफ प्लॅस्टिक फ्लॉवर्स' आहे, १९७६ चं. मधोमध एक मोठा माणूस, हातात प्लॅस्टिकच्या फुलांचा गुच्छ, आणि त्याच्या भोवती त्याच्या आयुष्यातले छोटे छोटे प्रसंग. बाल्कनीच्या चित्राची मांडणी इथे पाच वर्षं आधीच तयार होती. फरक इतकाच की हा माणूस कपडे घालून, आपल्याकडे तोंड करून उभा आहे. जाण्याआधी फोन करून चौकशी करा, संग्रहालयं भिंतीवरची चित्रं सारखी बदलत असतात.